ट्रेड की मॅक्रो?

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला आंतरराष्ट्रीय व्यापार घेऊ की मॅक्रो, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास, या घोळात तुझे दोन महिने गेले. अगं, १९९१चा जुलै तू कशात घालशील? १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत, रुपयाचं अवमूल्यन झालं, म्हणजे एका डॉलरला जास्त रुपये पडू लागले. आहे का उत्तर?

त्या वर्षीचे आकडे काढ. १९९१-९२मध्ये आपली निर्यात रुपयांत सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली आणि डॉलरमध्ये दीड टक्क्याने घटली. माल तोच, बंदरं तीच. मी रुपयांचा रकाना धरून ‘अवमूल्यन फळलं’ असा निबंध ठोकून दिला होता. सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून एका बाईंनी एवढंच विचारलं, “डॉलरमध्ये किती?” मला सांगता येईना. सोव्हिएत संघाशी रुपयांत चालणारा व्यापार त्याच वर्षी कोसळला होता, तेही माझ्या गावी नव्हतं.

तेव्हापासून तक्ता हातात आला की आधी तळटीप. चलन कुठलं? वर्ष एप्रिल-मार्च की जानेवारी-डिसेंबर? भाडं-विमा आत की बाहेर? आपण निर्यात एफओबी, म्हणजे भाडं-विमा सोडून, मोजतो; समोरचा देश बहुधा तोच माल सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून, आयातीत दाखवतो. आकडे जुळणार कसे? आणि तू ते दोन्ही एकाच रिग्रेशनमध्ये, एकाच संख्याशास्त्रीय समीकरणात, कोंबलेस! तळटीप वाचली होतीस का?

माझे पेपर कमी झाले, हे खरं. बरोबरीचे प्रोफेसर झाले तेव्हा मी एक पायरी खाली, रीडरच होतो. पण माझ्या तक्त्यावर पुन्हा कुणी बोट ठेवलं नाही. तू विचारलंही नव्हतंस, मीच सांगत बसलोय.

तू निफाडची ना? मे २०२४मध्ये कांद्याची निर्यातबंदी उठली, ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही किमान किंमतच क्विंटलला साडेचार हजारांच्या वर. तुझे बाबा लासलगावात कितीला विकत होते? हा व्यापार की मॅक्रो, ते नंतर ठरवू.

शनिवारी ये. मॉडेल घरी ठेव, बाबांच्या त्या महिन्याच्या काटापट्ट्या घेऊन ये. आणि हो, तळटीप.