मियाटा जरूर घ्या, पण ४०१(के)ला हात लावू नका

प्रश्न थोडक्यात: फ्रेमाँट, कॅलिफोर्निया. वय ३८, एका पगारावर चौघांचं घर. खर्च महिन्याला ७,८०० डॉलर, शिल्लक १,१००. अडीनडीसाठी बँकेत २४,०००. मार्चमध्ये कर जाऊन ९,००० च्या आसपास बोनस हाती येतो. १९९० ची माझ्दा मियाटा (दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी; १.६ लिटर) ३,८०० ला मिळते आहे, १९९५ ची (१.८ लिटर) ७,५०० ला. विचार असा की स्वस्तातली घ्यायची, घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करून टर्बो (इंजिनाची ताकद वाढवणारं यंत्र) बसवायचा आणि त्यासाठी ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, १५,००० चं कर्ज काढायचं. "भाव वाढताहेत, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना?"

उत्तर: नाही, हा खर्च आहे. हौसेचा खर्च करण्यात काही गैर नाही, फक्त वहीत तो खर्चाच्याच रकान्यात लिहा. स्वतःच्या वापरातली गाडी नफ्यात विकली तर नफ्यावर कर लागतो, तोट्यात विकली तर तो तोटा करात दाखवता येत नाही. शिवाय या गाड्यांना चांगला भाव देणाऱ्याला ती कंपनीतून निघाली तशी हवी असते. टर्बोवर घातलेले पाच हजार विकताना क्वचितच परत मिळतात.

आता कर्ज. ४०१(के)चं व्याज आपल्याच खात्यात जातं, म्हणून ते फुकटचं वाटतं. पण नोकरी गेली तर उरलेली रक्कम साधारणपणे त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडावी लागते. न फेडल्यास ती काढून घेतली असं धरतात. मग त्यावर आयकर, वर १० टक्के केंद्राचा दंड आणि अडीच टक्के कॅलिफोर्नियाचा. पूर्ण १५,००० अंगावर असतील तर नुसता दंडच १,८७५. तुमचा अडीनडीचा निधी जेमतेम तीन महिन्यांचा आहे. म्हणजे नोकरी गेली की घरखर्चाच्या जोडीला ही फेडही गळ्याशी येणार आणि तेव्हा गाडी जॅकस्टँडवर, इंजिन उघडलेलं. अर्धवट उघडलेल्या गाडीला भंगाराच्या वर फारसं कुणी देत नाही.

दोन गाड्यांत मी १९९५ ची घ्या म्हणेन. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. पुलीवर आठऐवजी चार खाचा दिसल्या की समजा तेच. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि झडपांची लय जुळवून ठेवणारा पट्टा) बदलताना क्रँकचा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुलीला दांड्यावर धरून ठेवणारी छोटी चावी आणि तिची खाच झिजते, पुली डगमगते, टायमिंग सरकतं आणि गाडी ओढेनाशी होते. पक्का उपाय म्हणजे दुसरा क्रँक, म्हणजेच इंजिन बाहेर. १९९४ पासून ११६ ऐवजी १२८ हॉर्सपॉवर, मोठे ब्रेक, मजबूत डिफरन्शियल आणि दोन एअरबॅग आहेत. भावातल्या ३,७०० च्या फरकाचा बराचसा भाग इथेच वसूल होतो.

तरी घेण्याआधी मागच्या चाकांच्या पुढचा सिलचा (दाराखालच्या पत्र्याचा) भाग बोटांनी दाबून बघा. कापडी टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात, पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत असतो! दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगला दोन-तीन हजार सहज लागतात, आणि ते काम घरी होण्यासारखं नाही. कुजलेली असेल तर १९९५ चीही सोडून द्या. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरांचं मोजा. एकमेकांत २८ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. स्मॉग सर्टिफिकेट (धुराच्या तपासणीत पास झाल्याचा दाखला) विकणाऱ्यानेच द्यायचं असतं. "तुम्हीच करून घ्या" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मार्चचा बोनस असा जाईल: गाडी ७,५००, डीएमव्हीत (राज्याच्या वाहन कार्यालयात) भरायचा यूज टॅक्स, म्हणजे खरेदीवरचा कर, सुमारे ७५०, उरलेले रजिस्ट्रेशन आणि विम्याला. मग महिन्याच्या १,१०० पैकी ५०० निधीत आणि ६०० गाडीला. निधी सहा महिन्यांच्या खर्चाइतका होईपर्यंत हे प्रमाण बदलू नका.

पहिल्या वर्षीचा माझा अंदाज: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टेन्शनर आणि सील मिळून २५०, रेडिएटर आणि होज २५०, ब्रेक पॅड, डिस्क, होज, फ्लुइड ४००, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर १२०, टायर ४५०, टप ४५०, शॉक ॲब्सॉर्बर ६००, हत्यारं ५००. एकूण ३,०२०. यात तिसरा हिस्सा वरचा धरा, कारण गंजलेला बोल्ट तुटतोच. म्हणजे साधारण सात महिन्यांचे ६००.

पहिला हात बेल्टला. तो ६०,००० मैलांना बदलायचा असतो. वॉटर पंप फिरतो बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून दोन्ही एकदम. कॅम पुल्यांवरच्या (झडपा चालवणाऱ्या दांड्यांच्या पुल्यांवरच्या) 'आय' (I) आणि 'ई' (E) खुणांमध्ये बेल्टचे १९ दात मोजा, आणि इंजिन सुरू करण्याआधी हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवा. गॅरेजवाल्याकडे हेच काम हजाराच्या घरात जातं. घरी कामाला बसण्यातली खरी बचत इथे आहे.

क्लचचे दोन्ही सिलिंडर जोडीनेच बदला. एकच नवा टाकला तर दाब वाढून थोड्याच दिवसांत जुना गळायला लागतो. इंजिनाच्या मागे तेल दिसलं की लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. बरेचदा हेडच्या मागच्या कॅम अँगल सेन्सरचं ओ-रिंग कडक झालेलं असतं आणि तेल बेलहाउसिंगवर (क्लचवरच्या आवरणावर) ओघळतं. ते मिळतं दोन-चार डॉलरला, रिअर मेन सीलसाठी (क्रँकच्या मागच्या टोकाच्या सीलसाठी) मात्र गिअरबॉक्स काढावा लागतो.

आता टर्बो. १९९५ च्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी आहे. त्यात धूर तर मोजतातच, शिवाय इंजिनावर काय बसवलंय तेही बघतात. राज्याचा ईओ (मंजुरीचा) क्रमांक नसलेला टर्बो दिसला की नापास. मग दर वेळी तो उतरवा आणि परत चढवा. टर्बोच्या मागोमाग क्लच, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि मोठा रेडिएटर येतात, ५,००० चे ८,००० कधी होतात कळत नाही. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० वरून १४ अंशांवर नेण्याचा फुकटचा उपाय बरेच जण करतात. तोही तपासणीआधी परत १० वर आणावा लागतो.

विमा ठरलेल्या किमतीचा, म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यूचा घ्या. त्यासाठी बहुधा घरात रोजची दुसरी गाडी आणि बंद गॅरेज लागतं. पॉलिसीवर सही करण्याआधी ट्रॅकवर झालेलं नुकसान त्यात बसतं की नाही, ते वाचून घ्या.