टीममधले दोघेच विकले जातात, उरलेल्यांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या तुमच्या दुकानात हॅस्ब्रो कंपनीच्या मार्वल लेजेंड्स या सुपरहीरो फिगरांच्या (खेळण्यातल्या पुतळ्यांच्या) दोन केस, म्हणजे कंपनीने भरलेल्या पेट्या, मागवल्या, निम्मा माल पटकन गेला, उरलेला खुंटीवर लटकतोय. आता एकेका सुपरहीरो टीमचा सेट करून स्वस्तात काढू, की पुण्याला भाच्याकडे विकायला पाठवू?

सेटची घाई नको. गोम अशी आहे की गिऱ्हाईक टीम जमवतं, पण कंपनी केस विकते. केसमध्ये कोण किती येणार हे आपल्या हातात नसतं. ज्याच्यामागे सगळे धावतात तो बऱ्याचदा एकच निघतो. म्हणून हिशोब केसचा धरा. समजा आठ खोक्यांची केस 140 डॉलरला पडली आणि तुम्ही 25 ला एक विकता. पाच गेले की 125 आले. माल धडाधड खपल्यासारखा वाटतो, पण अजून 15 डॉलर खड्ड्यातच आहात. सहाव्याला जेमतेम सुटता. खरा नफा शेवटच्या दोघांत, आणि नेमके तेच धूळ खातात. दुकानाचं भाडं तर यात धरलेलंच नाही!

किंमत पाडण्याआधी खोक्यात कोणता अवयव आहे ते बघा. बिल्ड-अ-फिगरच्या मालिकेत प्रत्येकाबरोबर जोडून उभ्या करायच्या एका मोठ्या पुतळ्याचा हात, पाय, धड असं काहीतरी येतं. एका पायासाठी अडलेला माणूस नावडता हीरोही पूर्ण किमतीला उचलतो. धडवाला खोका शेवटपर्यंत स्वस्त करू नका.

गाजलेला फिगर दोन पडेल फिगरांच्या गळ्यात बांधून विकायचा मोहही टाळा. मॅटेल या दुसऱ्या खेळणी कंपनीने जस्टिस लीग अनलिमिटेड या कार्टूनच्या फिगरांच्या तीन-तीनच्या पॅकमध्ये नव्याबरोबर जुनेच चेहरे पुन्हा खपवले. लोक कुरकुरत घेत, कारण दुसरीकडे मिळतच नव्हते. तुमच्या गिऱ्हाइकाच्या खिशात मात्र फोन आहे.

तसंच दुर्मीळ म्हणून फार काळ दाबून ठेवू नका. 2017-18 च्या सुमारास फँटॅस्टिक फोर ही मार्वलची चौकडी वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानांत एकेक करून आली, तेव्हा मोठी माणसं त्या दुकानांतून चौघांतला थिंग शोधत फिरायची. 2020 मध्ये सुपर स्क्रल हा मोठा पुतळा जोडायच्या मालिकेतून हीच चौकडी नव्या पोशाखात सगळीकडे आली. अशा वेळी जुन्या मालाला चढलेला भाव टिकेलच असं नाही. नव्या आवृत्तीची नुसती घोषणा झाली तरी दुसऱ्या दिवशी माल काढायला लागा.

परत आलेला खोका गल्ल्यावरच तपासा. नवा फिगर काढून आत जुना कोंबून परत देणारे महाभाग असतात. टेपची कड उचललेली, ट्रे तिरका, हाताचे सांधे ढिले: पैसे देऊ नका. हॅस्ब्रोने 2022 मध्ये खिडकी नसलेले खोके आणले तेव्हा तर आत कोण आहे हेच दिसेना, आणि डोळ्यांचा रंग नीट बसलाय का हे तीन खोके शेजारी धरून पाहणारं गिऱ्हाईक वैतागलं. पुढे खिडकी परत आली. तुमच्याकडे बिनखिडकीचा माल असेल तर सूट आधी त्यावर द्या.

पुण्याचा विचार सोडाच. भारतात खेळण्यांवरची मूळ आयात-ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. शिवाय 2021 पासून बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची, सक्ती. 25 डॉलरचा पडेल हीरो तिथे पोचेपर्यंत इथल्या गाजलेल्यापेक्षा महाग होईल.