नंबर इतक्यात देऊ नकोस

प्रश्न : ताई, डेटिंग अ‍ॅपवर तीन आठवडे एकाशी बोलतेय. तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागतोय. देऊ का? (वय २७, पुणे)

उत्तर : अगं, इतक्यात नको. नंबराला यूपीआय जोडलेलं असेल तर पैसे पाठवायला घेताच बँकेतलं तुझं पूर्ण नाव दिसतं. त्यावरून ऑफिस शोधायला कितीसा वेळ! माझ्या भाचीने बाल्कनीतला साधा फोटो टाकला, मागे सोसायटीची पाटी होती. अ‍ॅपवर ओळख झालेला माणूस थेट गेटवर येऊन उभा राहिला. पोरगी महिनाभर एकटी खाली उतरली नाही.

अ‍ॅपवरच बोल, व्हिडिओ कॉलही तिथेच. इन्स्टावरचे फोटो प्रोफाइलला नकोत, फोटोवरून माणूस सापडतो. भेटलीस तर आपल्या गाडीने जा-ये कर. कुणी फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे मागितले तर देऊ नकोस. चॅट जपून ठेव, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन कर. आणि मलाही कळव.