कॉलेजातल्या भावाचा फोन काढून घ्यावा का?

नका घेऊ. कॉलेजच्या मुलामुलींशी लैंगिक आरोग्यावर बोलणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगते.

तुम्ही लिहिलंय की सोशल मीडियावर जास्त असणारी मुलं लैंगिक बाबतीत जास्त धोका पत्करतात असं वाचलं आणि धाकटा भाऊ तर दिवसभर इन्स्टाग्रामवर. अशी बरीचशी सर्वेक्षणं मुलांना एकदाच प्रश्न विचारतात. दोन्ही गोष्टी सोबत दिसतात, पण आधी कुठली हे त्यातून कळत नाही. मुळात धाडसी पोर दोन्हीकडे पुढे असू शकतं.

फोन अगदीच निर्दोष आहे असंही नाही. ‘सगळेच करतात’ हा गैरसमज रील बघून पक्का होतो. पण त्याहून मला सलते ती ओळखीची घाई. एका मुलीने मला तिचं चॅट दाखवलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). चार महिने, रोज रात्री दोनपर्यंत. ‘जेवलीस का’पासून घरच्या भांडणांपर्यंत सगळं होतं, कंडोम हा शब्द एकदाही नाही. भेटल्यावर तिला वाटलं, इतकं जवळचं माणूस, आता असलं काय विचारायचं! प्रत्यक्षात ती त्याला दुसऱ्यांदाच भेटत होती.

दुसऱ्या दिवशीच माझ्याकडे आली, म्हणून बरं. गर्भधारणा टाळायची तातडीची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो ७२ तासांच्या आत. त्या गोळीने संसर्ग टळत नाही, हे तिला माहीतच नव्हतं. एचआयव्हीची शंका असेल तर पेपची (म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायची) औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, पुढे २८ दिवस. दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी त्या रात्रीबद्दल ती काही सांगत नाही; लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे एचआयव्ही लवकर पकडणाऱ्या चाचणीसाठीही ४५ दिवस थांबावं लागतं. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग तर बरेचदा लक्षणंच दाखवत नाही.

आणि ‘आता कुठे जायचं’ हे तिला फोनवरच सापडलं होतं, पहाटे तीनला. घरात कुणाला उठवून विचारणार होती?

तेव्हा ते ७२ तासांचं तेवढं भावाला सांगून ठेवा. समोर बसून जमत नसेल तर मेसेज टाका. तो लाजून विषय बदलेल, बदलू दे. मेसेज त्याच्याकडे राहील.