आधी रिपोर्टवरची तारीख बघा

मामी, असे मेसेज मला सारखे येतात, फक्त नाती बदलतात. भाची १६ ची, शिकायला इंदूरला तुमच्याकडे, सोनोग्राफीत २२ आठवडे ३ दिवस, नर्सिंग होमवाले म्हणे गर्भपात करायचा तर कोर्टाचा ऑर्डर आणा, घरात कोणी म्हणतंय लग्न लावून मोकळे व्हा, आणि तुम्ही विचारताय "पाचवाच महिना तर चालू आहे, पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले की ठरवू का?"

नाही. रिपोर्ट सहा दिवसांपूर्वीचा आहे, म्हणजे आज २३ आठवडे २ दिवस झाले. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, तुमच्या पाचव्याशी त्याला काही घेणं नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत पुरतं, कोर्टाचा ऑर्डर लागत नाही, एफआयआरचीही अट नाही. २४ ओलांडले की, गर्भात गंभीर व्यंग किंवा तिच्या जिवाला तातडीचा धोका नसेल तर, हायकोर्टाचं इंदूर खंडपीठ, मेडिकल बोर्ड, तारीख, आणि तिथे निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने १४ वर्षांच्या मुलीला जवळजवळ ३० आठवड्यांवर परवानगी दिली आणि आईवडीलच जोखमीला घाबरले म्हणून आठवड्यात परत घेतली.

संमतीची सही कोणाची? कायद्यात पालक म्हणजे मुलगी ज्याच्या सांभाळात आहे तो, तर तुमची चालायला हवी, पण हॉस्पिटल हुज्जत घालेल, वडिलांना आजच गाडीत बसवा. त्यांच्यासाठी थांबू मात्र नका.

आणि तिला स्वतःला काय हवंय? एवढ्या लांब मेसेजमध्ये तिचं एक वाक्य नाही. एकटीला विचारा. ठेवायचं म्हणाली तरी डॉक्टर टाळता येणार नाही, या वयात बीपी वाढून झटके येणं, रक्त कमी असणं, दिवस भरायच्या आत बाळंतपण, अडीच किलोच्या आतलं बाळ, हे सगळं विशीतल्या बाईपेक्षा जास्त होतं.

पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, डॉक्टर पोलिसांना कळवणारच, तो त्यांच्यावर कायद्याचा बोजा आहे. पण २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर त्या सूचनेत तिचं नाव द्यावं लागत नाही. लग्नाने ती केस मिटत नाही, वर बालविवाहाची दुसरी तयार होते, तो विषय घरात बंदच करा.

उद्या सकाळीच एमटीएच या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलला जा, सोबत रिपोर्ट, आधार, दहावीची मार्कशीट. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा, तारखेसकट, हायकोर्टात पहिला कागद तोच लागेल.