मानवशास्त्राच्या जागा वाढवायच्या तर

प्रश्न : आमच्या मानवशास्त्र विभागात विद्यार्थ्यांच्या जागा वाढवा, असा अर्ज करतोय. ‘नोकऱ्या कुठंयत?’ याला काय उत्तर द्यावं? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : अगं, आधी सिकलसेल लिही, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. विदर्भात रक्त तपासणं जमतं. पण लग्न ठरवणाऱ्या आजीशी त्याबद्दल बोलायचं, तर तिची नातीगोती, कुळं कळावी लागतात; तेच मानवशास्त्र शिकवतं. मी माडिया आदिवासींच्या गावांत राहून काम केलंय, म्हणून ठामपणे सांगते. शिवाय २००६ चा वनहक्क कायदा : जंगलजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यात गावातल्या ज्येष्ठांचं कथन पुरावा धरतात. ते नीट नोंदवणारी माणसं तालुक्यात शोधून सापडत नाहीत! भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं केंद्र नागपुरातच आहे, हेही लिही. आणि नुसत्या जागा नकोत; शिक्षक आणि क्षेत्रकार्याचा प्रवासखर्चही त्याच अर्जात मागा.