मशरूमचं किती ऐकायचं?

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या जगातल्या विंटरफेल किल्ल्याच्या तळघरात ड्रॅगनची अंडी आहेत, ही तुझी थिअरी वाचली. मजा आली. पण तिचा सगळा डोलारा मशरूम नावाच्या एकट्या विदूषकाच्या सांगण्यावर उभा आहे, हे ध्यानात आलंय का?

ही गोष्ट ज्यात येते ते ‘फायर अँड ब्लड’ (2018) जॉर्ज आर. आर. मार्टिनचं असलं तरी आतला निवेदक आहे आर्चमेस्टर गिल्डेन, म्हणजे त्या जगातला एक इतिहासकार. तो घटना घडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी, दुसऱ्यांची टिपणं समोर ठेवून लिहितोय. त्यात सेप्टन (धर्मगुरू) युस्टेस हिरव्या गटाकडे, म्हणजे गादीच्या भांडणात राजपुत्र एगॉनच्या बाजूला झुकलेला, तर मशरूम त्याची सावत्र बहीण आणि प्रतिस्पर्धी रेनीरा हिच्या दरबारातला विदूषक, चावट किस्स्यांत रमणारा. त्यांचा बाप राजा व्हिसेरिस वारला तेव्हा एगॉन सापडला कुठे? युस्टेस म्हणतो, एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीकडे. मशरूम त्याला थेट फ्ली बॉटम या राजधानीतल्या गरीब वस्तीत, उंदरांच्या झुंजीच्या अड्ड्यात नेऊन बसवतो. दोघांतलं कुणी तिथे हजर होतं का, हे आधी विचार. मग सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय, ते बघ. मात्र आपल्याच माणसाला अडचणीत आणणारी गोष्ट कुणी कबूल करत असेल, तर मी तिला जास्त वजन देतो.

अंड्यांची कथा गिल्डेन स्वतःच उडवून लावतो. अर्थात गिल्डेनही सिटाडेल या विद्वानांच्या संस्थेचाच माणूस, म्हणजे त्याचाही स्वतःचा कल असू शकतो, त्यामुळे त्याचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. (मला स्वतःला मशरूम आवडतो, म्हणून मी त्याच्या बाबतीत जरा जास्तच सावध असतो.)

आणि यावरच्या टीव्ही मालिकेतला (‘हाउस ऑफ द ड्रॅगन’) प्रसंग पुस्तकाचा पुरावा म्हणून देऊ नकोस. वडाची साल पिंपळाला लागते. थिअरी टाकून देऊ नकोस, फक्त ‘मशरूमच्या मते’ एवढं पहिल्याच ओळीत घाल.